फाइल नसलेलं नाव

१

सोमवारी सकाळी ओरेस्टनं माझ्या टेबलावर कॉफी आणून ठेवली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. सव्वीस वर्षांत या माणसानं मला आपण होऊन कॉफी दिली ती एकदाच, माझा घटस्फोट झाला त्या दिवशी.

"काय हवंय?" मी विचारलं.

"अगं, सहज."

"तुझं सहज मला माहीत आहे. बोल."

तो हसला आणि टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "फॉन्टची यादी हवी होती. या कॉम्प्युटरवर किती फॉन्ट आहेत, प्रत्येकाचं नाव काय, आणि कुठल्या नावाची फाइल कुठली. एकूण एक."

"कोणाला हवी आहे?"

"मलाच गं. घर आवरायला काढलंय असं समज."

कॅनडात, विनिपेगच्या सेलकर्क ॲव्हेन्यूवर ओरेस्ट कोस्टिनिउकचा छापखाना आहे. लग्नाच्या पत्रिका, चर्चची पत्रकं, मयताची कार्डं, असलं काम. घर आवरणं हा शब्द ओरेस्टच्या तोंडी मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्याच्या खोलीत एकोणीसशे ब्याण्णव सालची कॅलेंडरं अजून खिळ्याला आहेत.

पण यादीचं काम मला आवडलं. फॉन्टची गंमत अशी की मेनूत दिसणारं नाव एक असतं आणि डिस्कवरच्या फाइलचं नाव भलतंच. घरात हाक मारायचं नाव वेगळं आणि सरकारी कागदावरचं वेगळं, तसं. खरं नाव फाइलच्या पोटात लिहिलेलं असतं. म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहायला घेतली. तिनं आधी सिस्टीमला विचारायचं की तुझ्याकडे कोणकोणती नावं आहेत. मग एकेक फाइल उघडून आतलं नाव वाचायचं आणि जोड्या लावायच्या. ही विद्या मला कोणी शिकवली नाही. अडलं तसं शिकत गेले.

माझं दुसरं काम हातानं पाकिटं लिहायचं. पत्रिका कोणीही छापतो, पण पाकिटावर पत्ते वर्ना हिल्डेब्रँडच्या हातचे हवेत म्हणून लोक दोनशे किलोमीटरवरच्या ब्रँडनहून येतात. उगाच नम्रपणा कशाला करू? माझं अक्षर सुंदर आहे. होतं.

आणि तिसरं काम रविवारचं. माझी आई विंकलर गावच्या वृद्धाश्रमात असते. वय एक्क्याण्णव, कान पार गेलेले, डोळे भिंगापुरते उरलेले. फोनचा उपयोग नाही. छापील कागद ती वाचत नाही. छापील म्हणजे सरकारचं नाहीतर मेलेल्या माणसाचं, असं म्हणते आणि सरळ केरात टाकते. माझं हातानं लिहिलेलं चार पानी पत्र मात्र ती आठवडाभर पुरवून वाचते. तिच्या लेखी मी म्हणजे माझं अक्षर. बाकीची मी तिला आता ऐकूही येत नाही आणि धड दिसतही नाही.

२

मंगळवारी दुपारी स्क्रिप्ट चालली. नावं तेराशे शहाऐंशी. जोडी लागलेली तेराशे चौऱ्याऐंशी. दोन नावं उरली. नाव आहे, पण फाइल नाही.

पहिलं होतं 'ओल्या'. ते पाहून मला फार काही वाटलं नाही; फाइल केव्हातरी हरवली असेल, म्हटलं. ओल्या म्हणजे ओरेस्टची बायको. मी यायच्या आधी पाकिटं तीच लिहायची. तिच्या अक्षराचा फॉन्ट ओरेस्टनं केव्हातरी करून ठेवला होता आणि आम्ही तो वर्षानुवर्षं वापरत होतो. ती गेली तेव्हा तिचं मयताचं कार्डसुद्धा मी त्याच फॉन्टमध्ये जुळवलं. ओरेस्ट ते हातात घेऊन ढसढसा रडला होता. मला वाटलं होतं, प्रेम असावं तर असं.

दुसरं नाव होतं 'वर्ना'.

"ओरेस्ट!" मी तिथूनच हाक मारली. "अरे, माझ्या नावाचा फॉन्ट आहे इथं!"

मागच्या खोलीत काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. मग तो दारात येऊन उभा राहिला.

"जुना कचरा असेल," तो म्हणाला.

"कचऱ्याला माझं नाव?"

"जगात तू एकटीच वर्ना आहेस का? कोणी गिऱ्हाइकानं पाठवला असेल. यादीतून काढून टाक."

बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. रेडिओवर कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, सामना चालू होता, तिकडे बघत होता. रेडिओकडे बघण्यासारखं काय असतं?

उडवलेल्या फॉन्टचं नाव कधी कधी सिस्टीमच्या डोक्यात तसंच राहून जातं. त्याला उपाय आहे. मी सिस्टीमची ती सगळी साठवण पुसली, मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. तीच दोन नावं उरली. नावानं मागितलं की सिस्टीम अक्षर काढून देत होती. कुठून देते ते सांगत नव्हती.

मग मी 'वर्ना'चा नमुना छापला. अक्षरांची चौकट, प्रत्येक अक्षराला एक घर. जवळजवळ सगळी घरं रिकामी. भरलेली फक्त सहा, सगळी मोठी अक्षरं, क्यू आणि एक्स आणि झेड अशी.

ती माझ्या हातची होती. एक्सची दुसरी रेघ मी खालून वर ओढते, त्यासाठी शाळेत मार खाल्लाय. इथंही ती खालून वर गेली होती.

आता खरं सांगते, मला बरं वाटलं. मार्चमध्ये माझा साठावा वाढदिवस. म्हटलं, म्हातारा गुपचूप माझ्यासाठी हे करतोय, ओल्यासाठी केलं तसं. मी नमुना घडी करून पर्समध्ये ठेवला आणि काहीच माहीत नसल्यासारखं तोंड केलं. काय मूर्ख बाई मी!

३

बुधवारी एका लग्नाची एकशे चाळीस पाकिटं लिहायला घेतली. सत्तरच्या आसपास नवऱ्या मुलीच्या आत्याचा पत्ता आला. आत्या क्वेबेकची.

क्वेबेकचा मोठा क्यू मला लिहिता येईना.

हात दुखत नव्हता की थरथरत नव्हता. बाकी सगळं नीट चाललं होतं. त्या अक्षरापाशी पेन आलं की हाताला पुढचं ठाऊकच नसायचं. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी, तसं. मी रद्दी कागदावर पंधरा वेळा प्रयत्न केला. पंधरा वेळा लहान मुलानं काढलेलं वांगं आलं. समोर छापलेला क्यू ठेवून गिरवायला गेले, तरी तेच. डोळ्यांना कळत होतं आणि हाताला कळत नव्हतं.

मग पर्समधला नमुना काढला आणि त्यातली उरलेली पाच अक्षरं लिहून बघितली. पाचही गेलेली.

मी शहाणी बाई आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी तशीच उठले, थंडीत इंजिन गोठू नये म्हणून लावलेली गाडीची वायर सॉकेटमधून उपटली आणि क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टरीणबाईंनी हसायला सांगितलं, हात वर करायला सांगितले, बोटं दाबायला सांगितली. सगळं ठीक.

"थंडी फार आहे," त्या म्हणाल्या. "आणि वय."

उणे सत्तावीस होतं. थंडी मलाही माहीत होती. पण थंडी फक्त सहा अक्षरं निवडून कशी गोठवते, हे मी त्यांना विचारलं नाही.

परत येऊन नमुना पुन्हा छापला. सात घरं भरलेली. सातवं होतं लहान जी.

लहान जीला मी लांब शेपूट देते आणि ती उजवीकडे वळवते. लोक त्या शेपटीसाठी माझी पाकिटं जपून ठेवतात. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. बघायची हिंमतच होईना. शेवटी बघितलंच. गेला होता.

४

गुरुवारी मी स्क्रिप्टला चार ओळी जोडल्या. दर दहा मिनिटांनी तिनं 'वर्ना'ची भरलेली घरं मोजायची आणि वेळ लिहून ठेवायची. घाबरलेल्या माणसानं मोजायला लागावं, हे मला आईनं शिकवलंय.

दहा वाजता सात. अकरा वाजता सात. मी पत्ते लिहीतच होते, जी येणारे पत्ते बाजूला काढून. बारा वाजता ओरेस्ट जेवायला बाहेर पडला. एरवी तो डबा आणतो आणि माझ्यासमोर बसून कोबीचे रोल खातो. या आठवड्यात रोज बाहेर जात होता.

तो गेल्यावर दुकान शांत झालं. उन्हात बाहेरचा बर्फ इतका पांढरा दिसत होता की खिडकीकडे बघवेना. तेवढ्यात मागच्या खोलीतून स्कॅनरचा आवाज आला.

आमचा स्कॅनर जुना आहे. सुरू होताना आधी बारीक सूर काढतो, मग त्याचा दिवा घर्र करत काचेखालून सरकतो, मग परत येतो. सव्वीस वर्षांत लाखभर वेळा ऐकलेला आवाज. पण तो सुरू करायला कोणीतरी बटण दाबावं लागतं, आणि दुकानात मी एकटी होते.

उठून गेले. खोली रिकामी होती. झाकण बंद, आणि त्याच्या फटीतून दिव्याची हिरवट रेघ सरकत होती. मी झाकण उचललं. काचेवर काहीच नव्हतं, म्हणून तळहात टेकवून बघितला. दिवा माझ्या तळहाताखालून गेला आणि परत आला. काच कोमट लागली. मी पटकन हात मागे घेतला, तो वेगळ्याच कारणानं. दिवा परत येताना माझ्या हातापाशी क्षणभर थांबला होता.

टेबलावर आले तर स्क्रिप्टनं लिहिलं होतं: बारा वीस, नऊ.

म्हटलं, आता समोर बसूनच बघू. नमुन्याची चौकट पडद्यावर उघडी ठेवली आणि कागदावर लहान के लिहायला लागले. एक, दोन, तीन, ओळीनं. माझा के जरा बसका असतो, मधलं बोट लहानपणी दारात चेमटलं होतं म्हणून. अकरा के सुंदर आले. बारावा लिहिताना स्कॅनरचा सूर निघाला. मी जिद्दीनं पेन उचललं नाही. के अर्धा झाला आणि तिथंच हात रिकामा झाला. मान वर केली.

पडद्यावर के नुसता उमटला असता तर चाललं असतं. तो लिहिला जात होता. पेन नाही, हात नाही, आणि उभी रेघ वरून खाली येत होती, माझ्याच वेगानं. मी नेहमी थांबते तिथं थांबून मग ती तिरकी वळली. शेवटी मी जसा झटका देते तसा झटका दिला.

मी मशीनचं बटण दाबून धरलं आणि पडदा काळा होईपर्यंत सोडलं नाही.

५

घाबरलेल्या माणसाला राग आला की तो शोधाशोध करतो. मी ओरेस्टची खोली उघडली. कुलूप तो लावत नाही, लावायची गरज कधी पडली नव्हती.

खालच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत कागदाचे कोपरे. शेकडो. एकेका कामाचे कागद आम्ही ज्यात ठेवतो त्या तपकिरी पाकिटांचे उजवीकडचे खालचे कोपरे, पट्टी लावून ब्लेडनं कापलेले.

आमच्या धंद्यात एक सवय असते. पेन चालतंय का बघायचं म्हणून माणूस कामाच्या पाकिटाच्या कोपऱ्यावर एक वाक्य लिहितो, एकदा मोठ्या अक्षरांत, एकदा लहान. कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो, असं काहीतरी वेड्यासारखं इंग्रजी वाक्य, पण त्यात सगळीच्या सगळी अक्षरं येतात. जुने जुळारी नवीन टाइप तपासायला तेच वापरायचे. हाताला इतकं बसलेलं की मी ते लिहिते हेही मला कळत नाही. दिवसाला दहा पाकिटं, सव्वीस वर्षं. मी रोज माझं सगळं अक्षर त्या कोपऱ्यात लिहून त्याच्या हातात देत होते.

सगळ्यात तळाशी जुने, पिवळे कोपरे होते. त्यावरचं अक्षर ओल्याचं.

शेवटची तीन-चार वर्षं ओल्या काही लिहीत नसे. डोळे गेलेत, असं ओरेस्ट सांगायचा. पण तीच ओल्या माझ्यासमोर बसून सुईत दोरा ओवायची, इस्टरच्या अंड्यांवर केसासारख्या रेघा काढायची. मी रोज बघत होते आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. ते आठवलं आणि मी डबा उचलून त्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

६

ओरेस्ट परत आला तेव्हा मी डबा मांडीवर घेऊन त्याच्या खुर्चीत बसले होते. त्यानं डबा पाहिला आणि कोटाची बटणं काढता काढता थांबला.

"बस," मी म्हणाले. "आणि खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही."

तो बसला. बराच वेळ हातमोजे काढत राहिला.

"कॅल्गरीची एक कंपनी दुकान विकत घेतेय," तो म्हणाला. "मी सत्तरीला आलो, वर्ना. ते लोक आले, मशीन बघितली, म्हणाले सगळं भंगार आहे. घेण्यासारखं काय आहे तुमच्याकडे? मी म्हणालो, वर्नाचं अक्षर आहे."

"माझं अक्षर तू विकलंस?"

"तू दमतेस गं! तूच म्हणतेस ना, पाठ दुखते? म्हटलं, हात थांबला तरी अक्षर राहील. ओल्याचं राहिलं तसं."

"यादी त्यांनाच हवी होती?"

"हो."

"म्हणजे माझंच नाव त्यांच्या यादीत मी घालायचं. वा! कॉफी पाजून."

"वर्ना, आई शप्पथ, मी फक्त सहा अक्षरं घेतली. चाचणी म्हणून. बाकीची मी घेतली नाहीत."

"मग कोणी घेतली?"

तो मागच्या खोलीकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

"ओल्याच्या वेळीही असंच झालं होतं," तो हळूच म्हणाला. "मी सुरुवात केली, आणि मग..."

"काय झालं होतं?"

त्यानं माझ्या मांडीवरच्या डब्याचं झाकण लावून टाकलं.

"ओरेस्ट, तुला ठाऊक होतं? मला काय होणार ते?"

"म्हणून तर मी ती सहा निवडली!" तो एकदम कळवळून बोलला. "क्यू, एक्स, झेड. म्हटलं, तुला लागत नाहीत अशीच घेऊ."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. मलाही कळलं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं कापला असता तर ओरडले असते. या माणसाच्या बायकोची शवपेटी मी निवडली होती. माझ्या घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती.

"थांबव ते," मी म्हणाले.

"कसं थांबवू? फाइलच नाही. तूच शोधलीस ना? काय उडवू?"

७

शुक्रवारी, शनिवारी मी कामावर गेले नाही. वाटलं, दुकानात पाऊल नाही, पेनाला हात नाही, तर थांबेल. घरी चिडून पीठ मळलं, बन भाजले, जमिनी पुसल्या. पेनं सगळी एका मोज्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवली. हसू नका. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

रविवार आला. एकोणीस वर्षांत आईचं पत्र एकदाही चुकलं नव्हतं. निमोनिया झाला तेव्हासुद्धा पलंगावर पडून लिहिलं होतं. पत्र गेलं नाही तर ती काय समजेल? वर्ना मेली, हेच. टाइप करून पाठवलं तर तेच समजेल.

दुपारी जेवणाच्या टेबलावर बसले आणि मोज्यातून एक पेन काढलं. शाई गोठली होती, ती तळहातात धरून ऊब दिली. 'प्रिय आई' लिहायला वीस मिनिटं लागली. काही अक्षरं होती, काही नव्हती. जी नव्हती त्यांच्या जागी मी रेघा जोडून काहीतरी उभं केलं. मुठीत पेन धरून, जीभ बाहेर काढून, पाच वर्षांच्या पोरीसारखी लिहीत होते मी. आणि लिहिता लिहिताच होती ती अक्षरंही संपत गेली. पहिल्या ओळीतला ए मला चौथ्या ओळीत येईना.

सहा ओळी झाल्या. खाली सही करायला गेले, तर माझं स्वतःचं नाव उमटेना. तिथं एक डाग पाडून पाकीट बंद केलं. पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला.

सोमवारी दुकानात गेले ते पेन-वहीला हात लावायला नव्हे, बघायला. ओरेस्ट नव्हता. स्क्रिप्ट चालवली. नावं तेराशे शहाऐंशी, जोड्या तेराशे पंच्याऐंशी. 'ओल्या' एकटी उरली होती.

'वर्ना'ला फाइल मिळाली होती. ओरेस्टच्या फोल्डरमध्ये. बनल्याची वेळ रविवारची, दुपारी तीन सत्तेचाळीस. मी सही करायला बसले होते ती वेळ. शेजारी अजून एक नोंद होती, की फाइलची प्रत सकाळीच कॅल्गरीला पाठवलेली आहे.

मी फाइल उडवली. कचराही रिकामा केला. काय उपयोग, हे मला ठाऊक होतं.

८

बुधवारी वृद्धाश्रमातून रोवेनाचा फोन आला. रोवेना फिलिपिनो आहे, आईचं सगळं तीच करते आणि मला ताई म्हणते.

"वर्नाताई, या आठवड्यात दोन पत्रं कशी पाठवली तुम्ही?"

"दोन?"

"एक तुमचं नेहमीचं. आणि एक कोणाचं तरी, ते वाचताच येत नाही. आजी फार रागावल्यात. येऊन जा ना जरा."

मी लगेच निघाले. वाऱ्यानं सगळा बर्फ रस्त्यावर आणून टाकला होता. पोचेपर्यंत दोन वाजले.

आई खिडकीपाशी खुर्चीत होती, भिंग हातात. मला बघून तिनं आधी माझं पत्र उचललं, सहा ओळींचं, आणि माझ्या पुढ्यात टाकलं.

"हे कोणाकडून लिहून घेतलंस?" ती आमच्या गावठी जर्मनमध्ये ओरडली. बहिरी माणसं ओरडतातच. "आईला चार ओळी लिहायला वेळ नाही? कोणा अडाण्याला बसवलंस?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिला कुठं ऐकू येणार होतं!

मग ती शांत झाली. मांडीवरच्या शालीखालून दुसरं पत्र काढून तिनं ते छातीशी धरलं. "हे मात्र," ती म्हणाली, "हे तू लिहिलंस ते फार चांगलं केलंस, पोरी."

मी ते हातात घेतलं. चार पानं. माझं अक्षर. जीची शेपटी उजवीकडे, एक्स खालून वर, के बसका. कागदावर पेनाचा दाबसुद्धा होता, पाठीमागून बोट फिरवलं तर लागत होता. कॉम्प्युटरवरून छापलेल्या कागदाला दाब नसतो. हे मी सव्वीस वर्षांच्या अनुभवानं सांगते.

पत्र बाबांबद्दल होतं. बाबा गेले त्या दिवशी आईनं मला बोलावलं होतं, आणि मी सांगितलं होतं की वादळानं रस्ता बंद आहे. रस्ता बंद नव्हता. मी अर्ध्या वाटेवरच्या मॉरिस गावापर्यंत आले होते. तिथं एका हॉटेलात बसून मी ॲपल पाय खाल्ला, दोन कप कॉफी प्यायले, आणि गाडी परत फिरवली. कारण मला बाबांना मरताना बघायचं नव्हतं. आई एकटी होती त्यांच्यापाशी.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ओरेस्टला नाही, नवऱ्याला नाही, चर्चमध्येही नाही. पत्रात सगळं होतं. ॲपल पायसुद्धा. आणि खाली माझी सही.

"एकवीस वर्षं मला वाटत होतं की तू खोटं बोललीस," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "तू लिहिलंस, संपलं. माझ्या मनात आता काही नाही."

रोवेना दारात उभी होती. आईशी बोलायची पांढरी पाटी आणि जाडं पेन तिनं पुढं केलं. मी मान हलवून नको म्हटलं, मला येत नाही म्हटलं.

"मग मी लिहू का?" ती म्हणाली. "सांगा, काय लिहू आजींना?"

"लिही," मी म्हणाले. "लिही की ते पत्र..."

रोवेना पेनाचं टोपण काढून थांबली. आई भिंग डोळ्याला लावून पाटीकडे बघत होती. एकवीस वर्षांत तिचा चेहरा मी असा मोकळा पाहिला नव्हता. लिहायचं होतं एवढंच, की ते पत्र माझं नाही. मी तुला काहीच सांगितलेलं नाही, आई. सांगितलंही नसतं कधी.

"ताई?"

"काही नको लिहूस," मी म्हणाले.

आई थोडा वेळ कोऱ्या पाटीकडे बघत राहिली. मग तिनं माझा हात थोपटला आणि पत्र परत शालीखाली ठेवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "समोर तुला बोलता येत नाही, लहानपणापासून. तू आपली लिहीत जा. पत्रात तू फार चांगली आहेस."

त्यानंतर दर बुधवारी तिला पत्र येतं. रोवेना फोन करून मला कळवते.